दोन भाग, दोन पोटभाग

फ्रान्समध्ये कायदा शिकायला लागल्यापासून तीन या आकड्याची मला धास्ती बसली आहे. प्रश्न कुठलाही असो, उत्तराचे भाग दोनच. प्रत्येक भागाचे पोटभागही दोनच. मुद्दे तीन सुचले तर एकाचा गळा घोटायचा, एकच सुचला तर त्याला चिरून दोन करायचे. तीन भाग म्हणजे अब्रह्मण्यम्!

पॅरिसच्या आमच्या अवाढव्य विद्यापीठात व्याख्यानं ‘आंफी’त, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या भल्यामोठ्या सभागृहात होतात. खाली प्राध्यापक बोलतात आणि वरच्या बाकांवरची शेकडो पोरं शब्दन् शब्द टाइप करतात. पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा आवाज. प्राध्यापकांना खोकला आला की घटकाभर उघडीप.

खरा पिट्ट्या पडतो तो ‘टेडे’त, म्हणजे सरावाच्या तासाला. वर्ग छोटा, हजेरी सक्तीची आणि जुन्या निकालांवर टिपणं. हे निकाल अख्खे एका वाक्यात! फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाला 2019 मध्ये पूर्णविरामाचा पाझर फुटला, पण आमच्या नशिबी त्याआधीचेच. 1915 चा कोकरेलचा खटला मात्र माझा लाडका. शेजारी क्लेमां-बायार यांच्या वायुनौकांचा तळ. त्यांना खिजवायला या गृहस्थाने स्वतःच्या जमिनीत 16 मीटर उंच लाकडी सांगाडे उभारले आणि वर टोकदार लोखंडी सळ्या बसवल्या. एक वायुनौका फाटली. कोर्टाने भरपाई द्यायला लावली, सळ्या काढायला लावल्या, सांगाडे राहू दिले. बांधावरून पिढ्यान् पिढ्या भांडणाऱ्या आमच्या गावाला हे सुचू नये, याचं वाईट वाटलं. टिपणाला मिळाले वीसपैकी अकरा. बाई म्हणाल्या, ‘छान!’ इथे दहाला पास, सोळा म्हणजे दिवाळी आणि वीस म्हणे देवासाठी राखीव. आईला हे फोनवर सांगून झाल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे पंचावन्न टक्केच ना रे?’

डिचोलीच्या काकांना मात्र माझा केवढा अभिमान! गोव्यात घरगुती बाबींत अजून अंशतः लागू असलेला 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदाही नेपोलियनच्या 1804 च्या फ्रेंच नागरी संहितेच्या वळणावर गेलेला. त्यामुळे काकांच्या लेखी मी घरचा वकील. परवा त्यांचा फोन आला. ‘शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी आपल्या अंगणात आलीय. तोडू काय?’

मी लाल रंगाचा जाडजूड दालोझ, म्हणजे फ्रेंच नागरी संहितेचं पुस्तक, उघडला. कलम 673.

‘काका, याचे दोन भाग. एक, फांद्या. त्यात अ: शेजाऱ्याला त्या तोडायला भाग पाडता येतं. ब: आपण होऊन कोयता लावायचा नाही. दोन, मुळं आणि फळं. त्यात अ: हद्दीत शिरलेली मुळं आपण तोडू शकतो. ब: आपोआप गळून पडलेलं फळ आपलं. अर्थात हे सगळं फ्रान्सात.’

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.

‘बाबा रे, आंबे आपले की नाही तेवढं सांग.’

‘फ्रान्समध्ये आपले. दोन-ब.’