पावती फाडली म्हणजे काम संपलं असं नसतं

मे महिना लागला की माझ्या डोक्यात एकच गोष्ट असते, देणगीदारांची यादी. घरचे विचारतात एवढं काय आहे त्यात, पैसे आले, पावती दिली, ग्रुपवर आभार मानले, झालं की. नाही होत. म्हणून आज सविस्तर लिहितेय, मोठी पोस्ट आहे पण ज्यांनी कुठल्याही ट्रस्टला पैसे दिलेत आणि जे कुठल्या ट्रस्टच्या कमिटीवर आहेत त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

मी एका छोट्या ट्रस्टची खजिनदार आहे. तालुक्याच्या गावात मुलांसाठी अभ्यासिका आणि वाचनालय चालवतो, पगारी माणूस एकच, बाकी आम्ही सगळे नोकरीधंदा सांभाळून करणारे. १२एबी रजिस्ट्रेशन आहे (ट्रस्टच्या उत्पन्नाला आयकरात सवलत मिळते ते), ८०जी आहे (देणाऱ्याला देणगीवर टॅक्समध्ये वजावट मिळते ते), दरवर्षी ऑडिट होतं.

आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून ८०जीचा सगळा प्रकारच बदलला. त्याआधी देणगीदाराकडे पावती असली आणि पावतीवर ८०जीचा नंबर छापलेला असला की काम भागायचं, कोणी किती दिले हे ट्रस्टने आयकर खात्याला एकेकाच्या नावानिशी कळवायची गरज नव्हती. आता वर्ष संपलं की प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम किती, रोख की चेक की ऑनलाइन, कॉर्पससाठी म्हणजे कायमच्या निधीसाठी दिली की साधी देणगी, हे सगळं फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेच्या आत पोर्टलवर टाकायचं. मग तिथूनच प्रत्येकाच्या नावाचं १०बीई सर्टिफिकेट तयार होतं, ते डाउनलोड करून ज्याचं त्याला पोचवायचं, त्याचीही मुदत ३१ मेच. देणगीदाराला रिटर्न भरताना त्याच्यावरचा एआरएन, म्हणजे नोंदीचा नंबर, टाकावा लागतो. ट्रस्टने भरलेल्या यादीत नाव नसेल तर देणगीदाराकडे कितीही पक्की पावती असू दे, वजावट मिळत नाही.

हे वाक्य मी स्वतः अनुभवलंय म्हणून सांगते.

पहिल्या वर्षी, म्हणजे मे २०२२ मध्ये, आमच्याकडे तीन पावतीपुस्तकं फिरत होती. दोन माझ्याकडे जमा झाली, तिसरं कमिटीतल्या एकांकडे होतं आणि ते तेव्हा मुलीकडे परगावी गेलेले. आम्ही म्हटलं त्यात असून असून काय असणार, चार-दोन शंभर-दोनशेच्या पावत्या असतील, आणि दोन पुस्तकांवरून यादी करून फॉर्म भरून टाकला. जुलैत मला गुरुजींचा फोन. मला चौथीला होते ते, रिटायर होऊन पंधरा-वीस वर्षं झाली. त्यांनी काकूंच्या स्मरणार्थ पंचवीस हजारांचा चेक दिला होता आणि त्याची पावती त्या तिसऱ्या पुस्तकातली होती. त्यांचा रिटर्न भरणारा मुलगा सर्टिफिकेट मागत होता आणि आमच्याकडे त्यांच्या नावाचं सर्टिफिकेटच नव्हतं. चेक आमच्या बँक खात्यात जमा झालेला, पासबुकात एंट्री दिसतेय, आम्ही बँक स्टेटमेंट आणि पावत्या एकदा समोरासमोर ठेवून टॅली केल्या असत्या तर पाच मिनिटांत कळलं असतं. केलं नाही.

पंचवीस हजाराच्या निम्मी म्हणजे साडेबारा हजारांची वजावट, त्यांच्या वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये अडीच हजाराच्या आसपास टॅक्स. मी म्हटलं गुरुजी आम्ही राहिलेल्या नावांचा फॉर्म उशिरा का होईना भरतो, तुम्ही आत्ता रिटर्न भरा आणि नंतर डिसेंबरपर्यंत रिवाइज करता येईल. ते म्हणाले, "अगं राहू दे, तिच्या नावाने दिलेत, त्याचे परत कसले मागायचे." फॉर्म आम्ही भरलाच, लेट फी आम्ही दोघातिघांनी खिशातून भरली, पण त्यांनी रिटर्न काही रिवाइज केला नाही. आज इतकी वर्षं झाली तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण ते मोठ्या मनाचे होते म्हणून आमची चूक झाकली गेली, ती चूक होतीच.

तेव्हापासून माझं मत ठाम झालंय की १०बीडी हे सीएचं काम नाही. सीए अपलोड करतो. यादी खरी आहे का, नाव सुटलंय का, पॅन बरोबर आहे का हे बघणं ट्रस्टचं काम आहे आणि ते मे महिन्यात नाही, पावती फाडताना करायचं असतं. पॅनची दहा अक्षरं असतात, पहिली पाच इंग्रजी अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर, आणि माणसाचा पॅन असेल तर चौथं अक्षर पी असतं. एवढं पावती लिहिणाऱ्याला सांगून ठेवलं तरी अर्ध्या चुका जागेवर पकडता येतात. कार्यक्रमाच्या गडबडीत घाईने खरडलेल्या पॅनमध्ये यू आहे की व्ही हे मे महिन्यात कोणीच सांगू शकत नाही.

आणि आता नवीन दुखणं म्हणजे क्यूआर कोड. वाईट नाहीये, उलट आमच्या छोट्या देणग्या त्याच्यामुळेच वाढल्या, पण स्टेजच्या बाजूला फ्लेक्सवर कोड लावला की लोक उभ्या उभ्या ५१, १०१, ५०१ टाकून निघून जातात आणि आमच्याकडे राहतो फक्त एक यूपीआय आयडी, त्यात बऱ्याचदा माणसाचं पूर्ण नाव पण नसतं. त्यांना सर्टिफिकेट देता येत नाही ही एक गोष्ट झाली. दुसरी जास्त गंभीर, नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी निनावी धरली जाते, आणि अशा देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख यातल्या मोठ्या आकड्याच्या वर गेल्या तर वरच्या रकमेवर सरळ तीस टक्के टॅक्स. म्हणजे मुलांच्या पुस्तकांसाठी आलेले पैसे निव्वळ नाव लिहून घेतलं नाही म्हणून टॅक्समध्ये जाऊ शकतात. आम्ही आता कोडच्या शेजारी एक मुलगी वही घेऊन बसवतो आणि फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात लिहितो, पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता, पॅन या नंबरवर व्हॉट्सअॅप करा. सगळे करत नाहीत. पण पूर्वीपेक्षा बरेच करतात.

काही जण म्हणतात सरकारने उगाच छोट्या संस्थांच्या मागे शुक्लकाष्ठ लावलंय. मला तसं वाटत नाही. खोट्या पावत्यांचा धंदा किती जोरात होता हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा, चेक घ्यायचा, कमिशन कापायचं, बाकी रोख परत द्यायची आणि वर ८०जीची पावती. अशा लोकांमुळे खरं काम करणाऱ्या संस्थांकडे पण संशयाने बघितलं जायचं. आता दोन्ही बाजूंची नोंद जुळवून बघता येते हे चांगलंच आहे.

पण दोन गोष्टी मला मान्य नाहीत आणि त्या बोलायला हव्यात. एक, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी आणि त्याच्यावर १०,००० पासून १ लाखापर्यंत दंड, हा आकडा मोठमोठ्या हॉस्पिटलवाल्या ट्रस्टला पण तोच आणि आमच्यासारख्या एका खोलीतल्या वाचनालयाला पण तोच. फी देणगीच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही एवढाच काय तो दिलासा. दुसरी गोष्ट जास्त खुपते. चूक ट्रस्टची आणि वजावट जाते देणाऱ्याची. चेकने पैसे दिलेत, बँकेत रेकॉर्ड आहे, ट्रस्टचा नंबर खरा आहे, तरी ट्रस्टने फॉर्म भरला नाही तर तो माणूस काय करणार? त्याच्या हातात काहीच नाही. ट्रस्टला दंड लावा ना, देणाऱ्याला बँकेची एंट्री दाखवून वजावट मिळायची काहीतरी सोय हवी.

आता देणाऱ्यांसाठी थोडं, कारण मला रोज हेच प्रश्न येतात. ८०जी म्हणजे सगळे पैसे परत मिळतात असं नाही, आमच्यासारख्या ट्रस्टला दिलेल्या रकमेच्या पन्नास टक्के वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. रोख २,००० च्या वर दिले तर त्या देणगीवर काहीच मिळत नाही, पहिल्या दोन हजारावर पण नाही, म्हणून मोठी रक्कम असेल तर चेक किंवा ऑनलाइन. तांदळाचं पोतं, पुस्तकं, खुर्च्या दिल्यात तर आम्हाला आनंदच आहे पण वस्तूंवर ८०जी नाही. आणि न्यू रिजीममध्ये म्हणजे नवीन करप्रणालीत असाल तर ही वजावट नाहीच. त्यामुळे हल्ली खूप लोक म्हणतात मला सर्टिफिकेट नको, पॅन कशाला देऊ. द्या हो तरीही. तुमच्यासाठी नको असेल, आमच्या वहीत तुमचं नाव पुरं असायला हवं म्हणून द्या. अकरा रुपये दिलेल्या माणसाचं नाव सुद्धा मला लिहून ठेवायचं असतं, त्यात टॅक्सचा काही संबंध नाही, त्या अकरा रुपयांवर आमची अभ्यासिका चालते.

गुरुजींनी परत कधी विषय काढला नाही. दरवर्षी काकूंच्या तिथीला चेक मात्र येतो, आणि त्याला पॅन कार्डाची झेरॉक्स टाचणीने लावलेली असते. मी तो चेक आला की त्याच दिवशी एक्सेलमध्ये चढवते.

ह्या वर्षीची यादी बँक स्टेटमेंटशी जुळवून झाली, पण यूपीआयवाले काही जण अजून सापडत नाहीयेत. गेल्या एप्रिलपासून ह्या मार्चपर्यंत आमच्या वाचनालयाला तुम्ही काही पाठवलं असेल आणि माझा मेसेज आला नसेल तर इनबॉक्समध्ये नाव, पत्ता, पॅन आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाका. कमेंटमध्ये पॅन टाकू नका प्लीज. मी रात्री दहानंतर बसते, उत्तर देते.