आधी हवा काढा, मग बोलू

परवा इथल्या ब्रिस्बेनच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने विचारलं, ईस्टरला फ्रेझर आयलंडला कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचा, तंबू-सामानाचा गाडा) घेऊन जायचंय, गाडी फोर बाय फोर आहे, तीन टन ओढते, काही प्रॉब्लेम नाही ना? खाली धडाधड अंगठे. बिनधास्त जा, मस्त जागा आहे, आम्ही गेलेलो, मासे आणा येताना. एकानेही विचारलं नाही की बाबा रे टायरमध्ये हवा किती ठेवणारेस. मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते मारुतीच्या शेपटीसारखं वाढत गेलं, म्हणून इथे टाकतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही जागा म्हणजे क्वीन्सलंडच्या किनाऱ्याला लागून असलेलं जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट, लांबी साधारण १२० किलोमीटर. २०२३ पासून त्याचं सरकारी नाव परत मूळ बुचुला लोकांचंच झालंय, क'गरी, त्यातला क म्हणायचा नाही, नुसतं गरी. आता कोकणातल्या माणसाला गरी म्हटलं की मासे धरायचा गळच आठवणार, आणि मुख्य किनाऱ्यावरच्या रेनबो बीच गावाकडून गाड्या घेऊन जाणारी बार्ज, म्हणजे सपाट बोट, पलीकडे जिथे उतरवते त्या टोकाचं नाव आहे हूक पॉइंट. घ्या. मला हे कळलं तेव्हा मी एकटीच हसत होते, नवऱ्याला जोक समजावून सांगावा लागला कारण तो नागपूरचा.

तिथे डांबरी रस्ता असा नाहीच. पूर्वेचा सेव्हंटी फाइव्ह माइल बीच हाच हायवे, म्हणजे कायद्याने हायवे, स्पीड लिमिट असतं, पोलीस वाळूवर उभे राहून दारूची टेस्ट घेतात, आणि मधेच छोटं विमान उतरतं त्याला जागा द्यायची. ऐकायला गंमत वाटते. पण गंमत ओल्या घट्ट वाळूवर आहे. खरी परीक्षा होते ती बार्जवर चढायच्या आधी, इन्स्किप पॉइंटला, जिथे सुकी भुसभुशीत वाळू आहे आणि सुट्टीत शेकडो गाड्यांनी ती अशी घुसळलेली असते की रव्याच्या डब्यात हात घातल्यासारखं चाक खाली जातं.

आम्ही पहिल्यांदा ट्रेलर घेऊन गेलो तो ईस्टरच होता. आमची टोयोटा प्राडो, मागे सेकंडहँड कॅम्पर ट्रेलर, भरून साधारण बाराशे किलो. नवरा चालवत होता. मी म्हटलं हवा काढूया का, तर म्हणाला पुढे बघू, लागलं तर काढू. हे 'लागलं तर' मला आता ऐकवत नाही. टायरमध्ये ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), म्हणजे हायवेवर असते तेवढीच्या तेवढी. बार्ज समोर दिसत होती, मुलं मागून ओरडत होती, आणि तिथून साधारण चाळीस मीटरवर गाडी जड व्हायला लागली, नवऱ्याने जोर दिला, इंजिन ओरडलं, वाळूचे फवारे उडाले, आणि गाडी जागच्या जागी खाली बसली. म्हैस बसते ना चिखलात, तशी शांतपणे.

आणि मागे लाइन.

बाकी सगळं मी याच्यानंतर शिकले, म्हणून ज्यांनी अंगठे दिले त्यांनी हे जरा नीट वाचा. लोकांना वाटतं वाळू म्हणजे ताकदीचा प्रश्न. एवढे हॉर्सपॉवर, एवढं टोइंग, एवढे इंच टायर. तसं नाहीये. गाडीची चारही चाकं फिरतात, स्वतःला ओढतात, पण ट्रेलरची दोन चाकं काहीच करत नाहीत, ती फक्त खाली दाबत आणि पुढे वाळूचा बांध रचत येतात. म्हणजे मागे नांगर बांधून पळायचं आहे. हवा कमी केली की टायर चपटा होतो आणि लोकांना वाटतं तो रुंद होतो म्हणून चालतो, पण तो मुख्यतः लांब होतो, जमिनीला टेकणारा भाग पुढेमागे वाढतो, वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक वाळू खणायच्या ऐवजी तिच्यावर चढतं. अर्धी हवा काढा, सरळ हिशोब. आम्ही १८ वर ठेवतो, अगदीच मऊ असेल तर १५-१६. बाराच्या खाली गेलात तर टायर रिममधून सुटायची भीती, आणि एवढ्या कमी हवेवर स्टिअरिंग झटकन वळवायचं नाही. आणि ट्रेलरच्या टायरचीही काढायची! हे अर्धे लोक विसरतात. गाडीची चार १८ ला आणि ट्रेलरची दोन तशीच दगडासारखी फुगलेली, मग म्हणतात गाडीत दम नाही.

त्या दिवशी आमच्यासोबत दुसरी एक आपलीच फॅमिली होती, ते पुढे निघून गेले होते, धावत परत आले. भला माणूस, त्याने ताबडतोब गाडी रिव्हर्स घेतली, रुतलेली गाडी ओढायचा पट्टा काढला आणि एक टोक स्वतःच्या टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला, अडकवायला लागला. म्हणाला एक झटका देतो, निघतेय. तेवढ्यात लाइनमधला एक म्हातारा ऑस्ट्रेलियन उतरून आला, अनवाणी, हातात लांब दांड्याचं फावडं, आणि त्याने तो पट्टा शब्दशः हातातून काढून घेतला.

टो बॉल हा ट्रेलर ओढायला असतो, रुतलेली गाडी उपटायला नाही. झटक्याच्या ताणाखाली तो तुटतो, आणि ताणलेल्या पट्ट्याच्या जोरावर तो लोखंडी गोळा काच फोडून आत येतो. या देशात माणसं मेलीत त्याने. गाडीला रेटेड रिकव्हरी पॉइंट (ओढून काढायचा ताण सोसायला बनवलेली जागा) असेल तिथेच लावायचं, नसेल तर बसवून घ्यायचा, निघायच्या आधी. पट्ट्यावर काहीतरी जड टाकायचं म्हणजे तुटला तर तो उसळत नाही, आणि बाकी सगळ्यांना लांब उभं करायचं, खासकरून व्हिडिओ काढणाऱ्या काकांना. आपल्यात मदतीची हौस खूप असते, पण हौसेने लावलेला पट्टा फार वाईट.

तर त्या म्हाताऱ्याने काय केलं, काहीच नाही केलं. नवऱ्याला सांगितलं हवा काढ. सहाही टायरची. मग फावडं माझ्या हातात दिलं आणि प्रत्येक चाकाच्या पुढची वाळू काढायला लावली, ट्रेलरच्यासुद्धा, आणि गाडीखाली पोट टेकलं होतं तिथली पण. वीसेक मिनिटं मी खणत होते, ईस्टरचं ऊन, मागे लाइनमधले लोक चिप्स खात बघतायत. मग म्हणाला लो रेंज (हळू पण जोरात ओढणारा गिअर) टाक, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की आपोआप जोर कमी करणारी यंत्रणा) बंद कर, हळू पाय. आणि गाडी निघाली. कोणी ओढलं नाही, काही नाही. तीच गाडी, तोच ट्रेलर, तीच वाळू. नवरा पुढचे दोन तास बोलला नाही.

त्यानंतर वाळूवर गाडी मी चालवते. (हे त्यालाही मान्य आहे, तो कॉमेंटमध्ये काहीही लिहो.)

मागच्या वर्षी बाबा आले होते दापोलीहून, त्यांना घेऊन गेलो. बाबांचं लहानपण हर्णैला गेलेलं, तिथे होड्यांवरून मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात घालतात. त्यांना वाटलं होतं ही काय नवीन कला आहे, पण बीचवर लागल्यावर दहा मिनिटांत मागून सूचना सुरू. अगं सुकी पुळण सोड, ओल्यातून घे. पुढच्याची चाकोरी सोडू नको. आणि मी एकदम चमकले, कारण चाकोरी हा शब्द आपण इतकी वर्षं फक्त निबंधात वापरतो, चाकोरीबाहेरचं जीवन वगैरे, आणि इथे तो अक्षरशः खरा होता. दाबलेल्या चाकोरीतून गेलं की चाक हलकं चालतं, बाहेर पडलात की नवीन वाळू फोडायची. म्हणूनच ट्रेलर घेताना लोक विचारतात की त्याच्या चाकांमधलं अंतर गाडीएवढं आहे का. आमच्या जुन्या ट्रेलरचं कमी होतं, म्हणजे गाडी एका चाकोरीत आणि तो शहाणा मधल्या उंचवट्यावर स्वतःची दुसरी पाडत यायचा. इंजिनवर केवढा बोजा. तो विकला.

भरती-ओहोटीचं तर बाबांना सांगावंच लागलं नाही. तिथे नियमच आहे म्हणा ना, भरतीच्या दोन तास आधी आणि दोन तास नंतर बीचवर निघू नका. कारण मग ओली पट्टी पाण्याखाली, आणि तुमच्या वाट्याला वरची सुकी वाळू उरते, तीही ट्रेलरसकट. त्यात अमावस्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर पाणी पार वर येतं. कोकणात दरवर्षी व्हिडिओ येतो, कोणाची तरी नवी एसयूव्ही किनाऱ्यावर रुतलीय आणि लाटा दारापर्यंत आल्यात, मग गावातला ट्रॅक्टर. आपल्याकडे किनाऱ्यावर गाडी घालायची मुळात गरजच नाही, तो माज आहे. इथे तो रस्ता आहे, म्हणून भरतीच्या वेळांचं टेबल बघून निघायचं. आणि ओहोटीलासुद्धा डोळे उघडे ठेवा, कारण गोड्या पाण्याचे ओढे बीच कापत समुद्राला जातात, त्यांच्या कडा लांबून दिसत नाहीत, ऐंशीने आलात आणि ट्रेलर त्यात आपटला की ड्रॉबार, म्हणजे त्याला गाडीशी जोडणारा दांडा, वाकतो.

थांबण्याबद्दल एक. वाळूत ब्रेक दाबून थांबायचं नाही, पाय काढायचा आणि गाडीला आपोआप थांबू द्यायचं, नाहीतर प्रत्येक चाकापुढे स्वतःच ढीग करून ठेवता. आणि थांबायचं ते उतारावर, तोंड पाण्याकडे. यू टर्न घ्यायचा तर ओल्या वाळूवर, मोठ्ठा, सावकाश. ट्रेलर रिव्हर्स घ्यायची वेळ सुक्या वाळूत येऊच देऊ नका. आणि ट्रेलर सोडवायची वेळ आलीच तर त्याचं ते पुढचं छोटं जॉकी व्हील वाळूत बुडतं, त्याच्याखाली घालायला एक फळी न्या. आम्ही पोळपाट वापरला होता. तो अजून तसाच आहे, एका बाजूने चिरलेला.

आता वजन. इथे मी आपल्या लोकांवर जरा चिडलेली आहे आणि त्यात आम्हीही आलो. पहिल्या ट्रिपला आमच्या ट्रेलरमध्ये दोन कुकर, बिडाचा तवा, इडलीचं भांडं, दहा किलो तांदूळ, एक अख्खी शेगडी जास्तीची, आणि क्रिकेटचे तीन स्टंप होते. चार रात्रींसाठी. गोऱ्या लोकांचं बघा, ब्रेड, सॉसेज, बिअर, झालं. मी सॉसेज खा म्हणत नाहीये, पण डाळतांदळाला एक कुकर पुरतो. प्रत्येक किलो त्या दोन मुक्या चाकांवर येतो. त्यापेक्षा मॅक्सट्रॅक्स, कॉम्प्रेसर, प्रेशर गेज, फावडं आणि पाणी यांना जागा द्या. मॅक्सट्रॅक्स म्हणजे त्या भगव्या प्लास्टिकच्या पाट्या, क्वीन्सलंडचाच शोध, चाकाखाली घालायच्या. कॉम्प्रेसर यासाठी की परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायला पाहिजे, कमी हवेवर हायवेने पळालात तर टायर तापून फुटतो.

आणि मुळात न्यायचाच का, हेही विचारा. दोन रात्री असतील तर तंबू न्या, ट्रेलर रेनबो बीचला ठेवा. आतल्या जंगलातल्या अरुंद ट्रॅकवर ट्रेलर नको, उत्तरेला न्काला रॉक्सच्या पलीकडे तर नकोच. भाड्याचा घेत असाल तर करारात वाळू चालते का ते वाचा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आणि पहिल्यांदाच वाळूवर जाताय तर एकदा नुसती गाडी घेऊन जा, प्लीज, ईस्टर सोडून.

आमचं ऑगस्टमध्ये परत ठरतंय. भरतीचं टेबल फ्रिजवर लावलंय, बार्जची वेळ त्यावरून काढली. काल रात्री गॅरेजमध्ये गेले तर ट्रेलरच्या कप्प्यात ब्लँकेटखाली दुसरा कुकर सापडला. विचारलं तर म्हणतो, असू दे, लागलं तर.