मासा इडापिडा घेऊन गेला नाही, अमोनियाने मेला

"मामा, आज तिसरा गेला." राजापूरहून भाचीचा फोन. मागून तिच्या आजी समजावत होत्या, "रडू नको गो, घरावरचं काहीतरी घेऊन गेला तो."

आजींच्या डोक्यात हे आलं ते व्हॉट्सॲपवरच्या 'छोट्या टाकीसाठी शुभ मासे' या मेसेजमधून. पंधरा दिवसांत आमच्या तीन ग्रुपवर तो येऊन गेला. त्यात लिहिलंय: आठ गोल्डफिश आणि एक काळी मॉली ठेवा. मासा मेला तर संकट टळलं समजा, लगेच नवा आणा. फायटर मासा कशातही जगतो. एंजल आणि निऑन एकत्र शोभतात. काचेला चिकटणारा सकर मासा टाकला की टाकी साफ. दर रविवारी सगळं पाणी बदला, फिल्टर नळाखाली धुवा.

आधी ते संकटाचं. भाचीने फोटो पाठवला होता. मासा पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडून, कल्ले लालभडक. टाकी दीड फुटी, भरून जेमतेम ३० लिटर, आणि आत नऊ मासे. गोल्डफिश कार्पच्या कुळातला, नीट वाढला तर वीतभर होतो. खातो भरपूर, घाणही तेवढीच करतो, आणि त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया पाण्यात सुटतो, जो माशांना विषारी. त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि रेतीत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. भाचीची टाकी आठ दिवसांची होती. त्यात रविवारी फिल्टर चोळून धुतला, म्हणजे जे थोडे जिवाणू बसले होते तेही गेले. लगेच नवा आणला तर तोही त्याच पाण्यात पडणार. दहा वर्षांच्या पोरीला मासा का मेला हे शोधू न देता हात जोडायला लावायचं, याचा मला मनापासून राग येतो.

आणि उन्हाळा? २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात. मत्स्यशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हा तक्ता सापडेल. गोल्डफिश थंड पाण्यात सुखी. एप्रिलमध्ये आपल्याकडे घरातलं पाणीही तिशीला टेकतं. मग ३० लिटरमध्ये नऊ जणांनी श्वास कसा घ्यायचा? आठ आणि एकचा आकडा तर चीनच्या फेंगशुईतला, त्याचा माशाच्या तब्येतीशी संबंध नाही. मॉलीला जड, क्षाराचं पाणी मानवतं. आपल्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी हलकं आणि थोडं आम्लधर्मी.

फायटरबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. आपल्या मरळीसारखा तोही वरची हवा घेऊ शकतो, म्हणून बरणीत लगेच मरत नाही. पण अमोनिया त्यालाही जाळतो. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांचे पर फाडतात.

एंजल मोठा झाला की निऑन गिळतो. सकर फूटभराच्या वर वाढतो आणि स्वतःच ढीगभर घाण करतो. मग लोक त्याला नदीत सोडतात. कृपा करून सोडू नका. तो दक्षिण अमेरिकेतला, काठात बिळं करून अंडी घालतो, आपल्या माशांचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावतो.

एवढ्या टाकीत एकटा फायटर ठेवा, नाहीतर सहा हार्लेक्विन रासबोरा, नाहीतर हनी गोरामीची एक जोडी. तिघांनाही आपलं हलकं पाणी चालतं. रासबोरा एकटादुकटा आणू नका, तो घोळक्यातच राहतो. पाणी आठवड्याला पाव भागच बदला, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळा.

उरलेले गोल्डफिश भाचीच्या आजोबांनी मागच्या पडवीतल्या सिमेंटच्या मोठ्या हौदात सोडलेत. काचेच्या टाकीत सध्या एकही मासा नाही. फिल्टर चालू आहे, जिवाणू वसावेत म्हणून भाची रोज चिमूटभर खाद्य टाकते आणि कॅलेंडरवर दिवस खोडते.