स्विंगलट्रीची फोड

इंग्रजी शाळेतलं लेकरू घरात असलं, की दिवेलागणीला ओसरीवर सोयाबीनच्या भावापेक्षा अवघड प्रश्न येतो: 'स्विंगलट्री'चे सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात बोलायचे तुकडे, पाडा. पाडा म्हणे! बोरं हायेत का?

आधी वस्तू सांगतो, कारण आपल्या कोठ्यात ती सापडायची नाही. घोडा चालताना त्याचा खांदा आळीपाळीने पुढे जातो. म्हणून त्याच्या मागे, मधोमध खिळीवर डुलणारी आडवी लाकडी दांडी लावतात आणि ओढायचे पट्टे तिच्या दोन टोकांना अडकवतात. दांडी डुलते, ताण सारखा राहतो. आपला बैल वशिंडापुढे जू घेऊन ओढतो. त्याला असले लाड लागत नाहीत. आणि यातला 'ट्री' म्हणजे झाड नव्हे. जुन्या इंग्रजीत तो लाकडालाही म्हणत, म्हणूनच गाडीच्या आसाला 'ॲक्सलट्री'. तेव्हा आजोबांनी वहीत कडुनिंब काढून देऊ नये.

आता फोड. पहिला घाव जोडावर: स्विंगल आणि ट्री. तिफणीचं जसं ति आणि फण, तसंच. तिफण लिहिताना तीन अक्षरं, बोलताना ति-फण् असे दोनच झटके. आपला गोंधळ इथेच होतो. देवनागरीत मोजलं तर स्विं-ग-ल-ट्री असे चार निघतात आणि वहीवर लाल फुली येते. सिलॅबल तोंडाने मोजायचे: स्विं-गल्-ट्री, तीन. स्पेलिंगमधले स्वर मोजाल तरी फसाल. एक आय, तीन ई, म्हणजे चार. पण मधला ई मुका आणि शेवटच्या दोघांचा आवाज एकच.

हनुवटीखाली हात धरून, ती जितक्यांदा खाली येते तितके सिलॅबल मोजायची युक्तीही इथे दगा देते. 'गल्'मध्ये स्वर नावालाच, त्याचं काम 'ल' करतो. हनुवटी जागची हलत नाही आणि उत्तर दोन येतं. त्यापेक्षा खंजिरीवर थाप मारा.

दुसरा घाव कुठे? 'स्विंग' म्हणजे झोका हे पोराला ठाऊक असतं, म्हणून ते 'स्विंग' तोडून 'एल-ई' उघडं टाकतं. चूक. शेवटच्या एल-ईच्या आधीचं व्यंजन त्याच्यासोबत जातं: एस-डब्ल्यू-आय-एन, जी-एल-ई. अपवाद सी-केचा, 'टॅकल'मध्ये ती जोडी फुटत नाही, एल-ई एकटं पडतं. 'एन' इकडे अन् 'जी' तिकडे गेला तरी उच्चार बिघडत नाही. 'ग'च्या आधीचा आपला अनुस्वार तोच नाकातला आवाज फुकटात देतो. जोर मात्र पहिल्या तुकड्यावर द्या; आपण तिन्हींना सारखाच देतो, रांगेतल्या वऱ्हाड्यांना बुंदी वाढावी तसा.

लेकराला फार बोलू नका. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनीही यातला 'डब्ल्यू' गाळून 'सिंगलट्री' केलं. मग सिंगल आहे तर डबल पाहिजेच, म्हणून अशा दोन दांड्या ज्या मोठ्या दांडीला जोडतात ती झाली 'डबलट्री'. तिचेही तीनच: डी-ओ-यू, बी-एल-ई, ट्री. पहिल्या तुकड्यात 'बी' घातला, तर पुन्हा लाल फुली.