आवाज बाईचाच होता

कर्जतला माझी जमीन नाही. ही गोष्ट मी कोणाला मुद्दाम सांगितलेली नाही, पण मुंबई-पुणे पट्ट्यातल्या झाडून सगळ्या बिल्डरांना ती ठाऊक आहे आणि तिचा घोर माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलाय. कर्जतला एनए प्लॉट, नेरळला फार्महाउस, पनवेलला ‘विमानतळापासून दहा मिनिटांवर’ वन बीएचके. इतकी घरं जर दहा मिनिटांवर असतील तर विमानं उतरायला जागा उरली कुठे, असं एकदा फोनवर विचारलं. पलीकडून उत्तर आलं, ‘मॅडम, साइट व्हिजिट कधी ठेवू?’

जमिनीतून सुटलं की कर्ज. तेही न मागता मंजूर झालेलं. घराचं कर्ज काढताना नवऱ्याची सही जुन्या सहीसारखी नाही म्हणून आम्हाला काउंटरवरून परत पाठवत होते. आता कोणीतरी सही न बघता, तोंड न बघता पाच लाख हातावर ठेवायला बसलंय आणि मी फोन कट करतेय.

पूर्वी निदान माणसं फोन करायची. ‘जेवतेय’ म्हटलं की ओशाळायची. आता यंत्र एका दमात ढीगभर नंबर फिरवतं आणि जो ‘हॅलो’ म्हणेल त्याच्या गळ्यात रेकॉर्डिंग अडकवतं. म्हणून आपल्या हॅलोनंतर क्षणभर शांतता असते. तेवढ्या शांततेत मी संध्याकाळच्या मुलुंडच्या गाडीत, लेडीज डब्यात, एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, फोन मानेत, अशा अवस्थेत ‘हॅलो, हॅलो, कोण?’ करत असते. समोर चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली बाई डोळेही न उघडता सांगते, ‘कट करा हो, लोनवाले आहेत.’

सासूबाईंना मात्र या फोनांचा त्रास नाही. त्यांचा लँडलाइनच्या काळापासूनचा नियम आहे, घंटी वाजली की उचलायचं आणि उचललं की बोलायचं. परवा एक करारी आवाज त्यांना म्हणाला, ‘तुमचा मोबाइल नंबर दोन तासांत बंद करण्यात येणार आहे. अधिक माहितीसाठी ९ दाबा.’ आपण कोणाचे नंबर बंद करत नाही आणि असे फोनही करत नाही, हे ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, जाहीर करून झालंय. सासूबाईंनी ट्रायचं नाव ऐकलेलं नाही. त्या म्हणाल्या, ‘कर बाई बंद. तेवढीच शांतता,’ आणि वरणाला फोडणी द्यायला गेल्या.

(हसण्यावारी न्यायचा एक प्रकार मात्र नाही. ‘तुमच्या कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे,’ असा फोन आला तर ठेवून द्या आणि पैसे गेले असतील तर त्याच घटकेला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा. व्हिडिओ कॉलवर अटक करायची सोय आपल्या कायद्यात नाही.)

मी शेवटी ठरवलं, अनोळखी नंबर उचलायचाच नाही. या निश्चयाला पहिला तडा गॅसवाल्याने दिला. तो खाली उभा राहून फोन करत राहिला, मी वर त्याच्यावर मात केल्याच्या आनंदात बसले आणि सिलेंडर भांडुपला परत गेला. मग कुरिअरवाला, मग प्लंबर, मग मुलाच्या स्कूलबसचे नवे काका. ज्यांची आपण डोळ्यांत तेल घालून वाट बघतो, ती सगळी माणसं अनोळखी नंबरवरूनच फोन करतात. ओळखीच्या नंबरवरून फोन येतो तो नणंदेचा.

मग सरकारी उपाय. १९०९ला ‘स्टार्ट ०’ असा मेसेज पाठवला की जाहिरातींचे फोन बंद, असं ऐकलं होतं. पाठवला. नोंद झाल्याचं कळवणारा मेसेजही अगदी वेळेवर आला. पुढचं गणित असं, की नोंदणीकृत टेलिमार्केटिंगवाल्यांनी १४०ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच फोन करायचा आणि बँकांनी वगैरे कामाचा फोन १६००ने सुरू होणाऱ्या नंबरवरून. म्हणजे जो नियम पाळतो तो लांबूनच ओळखू येतो आणि त्याला आपण पटकन कापतो. जो पाळत नाही त्याचा नंबर तुमच्या-आमच्यासारखा साधा, दहा आकडी, घरंदाज. त्याला आपण उचलतो. तक्रार करावी म्हटलं तर फेब्रुवारी २०२५पासून ती करायची मुदतही तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेलीय. पण मी तक्रार करणार त्या नंबराची, आणि तो नंबर मुळात फोन करणाऱ्याचा असेलच असं कुठाय?

हे मला तळमजल्यावरच्या काकांनी समजावलं. काका एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीतून २०२०च्या स्वेच्छानिवृत्तीत बाहेर पडले, पण त्यांच्या मनातलं एक्स्चेंज अजून चालू आहे. ‘आमच्या वेळी,’ ते म्हणाले, ‘नंबर कुणाचा ते एक्स्चेंज सांगायचं. तार कुठनं आलीय ते आम्हाला दिसायचं ना! आता इंटरनेटवरून फोन करणारा स्वतःच सांगतो, मी अमुक नंबर. मधल्यांनी तपासलं नाही की तोच आकडा तुझ्या स्क्रीनवर. उद्या मी तुझा नंबर लावून तुझ्या नवऱ्याला फोन करीन.’

‘सरकार काही करत नाही का?’

‘करतं की. ऑक्टोबर २०२४मध्ये, परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवायची यंत्रणा लावली. पहिल्या चोवीस तासांत १ कोटी ३५ लाख कॉल अडवले.’ काकांनी हा आकडा स्वतः अडवल्यासारखा सांगितला. ‘पण ते वेशीवरचे. गावातल्या चोरांचं काय?’

गावातल्या चोराने दुसऱ्याच आठवड्यात माझं घर गाठलं. एका दुपारी बार्शीहून फोन आला.

‘मॅडम, सकाळी फोन आलता बगा तुमचा. पाच लाखाचं म्हणत हुता.’

‘मी नाही केला फोन.’

‘ह्योच नंबर हाय की ओ. आवाज पण बाईचाच हुता.’

यावर काय बोलणार? आवाज माझा बाईचाच आहे. मी त्यांना काकांचं सगळं एक्स्चेंज समजावलं, नंबर कसा खोटा दाखवतात, तार कशी दिसत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग व्याज किती पडंल?’

त्यांना शिव्या द्यायच्या नव्हत्या, तक्रार करायची नव्हती. त्यांना कर्ज हवं होतं. ट्रॅक्टरचा हप्ता थकला होता. माझं ‘नाही’ त्यांना घासाघीस वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सातबारा व्हॉट्सॲपवर पाठवला. पावणेचार एकर, विहीर आहे. मी ‘कोणालाही आधार नंबर आणि ओटीपी देऊ नका’ असं पाठवलं, तर उत्तर आलं, ‘तुमालाच देतो मॅडम.’

अशी आणखी किती माणसं महाराष्ट्रभर माझ्या भरवशावर बसली असतील कोण जाणे. काहींनी मात्र माझी नोंद घेतली. मुलाच्या वर्गशिक्षिकांना फोन लावला, त्यांनी कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. पालकसभेत त्यांनी स्वतःचा मोबाइल पुढे केला. फोन करणाऱ्याचं नाव सांगणाऱ्या ॲपवर माझ्या नंबरखाली लाल अक्षरांत ‘लोन फ्रॉड’ लिहिलेलं होतं. शेजारी उभा असलेला नवरा ते वाचून म्हणाला, ‘निदान आपल्याला तरी मिळायला हवं होतं गं.’

नंबर बदलावा का, असं मी धाकट्या जावेला विचारलं. तिने गेल्या वर्षी याच जाचाला कंटाळून नवीन नंबर घेतला होता. पण बंद पडलेले नंबर काही काळाने दुसऱ्याला देतात, आणि तिच्या वाट्याला कोणा प्रकाशचा आला. प्रकाशची स्कूटर हप्त्यावर आहे, प्रकाशने जिमचे पैसे बुडवलेत, प्रकाशला दाढेची तारीख चुकवू नका असा दवाखान्याचा निरोप असतो. वसुलीवाल्यांना ती आधी ‘राँग नंबर’ सांगायची. आता नुसतं ‘सांगते त्यांना’ म्हणते, भांडण लवकर मिटतं.

परवा त्याच्या आत्याचा फोन आला. आत्यांना नंबर बदलल्याचं कोणी कळवलंच नव्हतं, आणि बाईचा आवाज ऐकून त्यांनी जावेला सूनबाईच करून टाकलं. डोंबिवलीला रविवारी नातीचं बारसं आहे, दोघांनी यायचंच, नाहीतर बोलणार नाही म्हणाल्या.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय, जाऊन येईन म्हणते. एवढ्या आपुलकीने मला बोलावतं कोण? पण आहेराच्या पाकिटावर नाव माझं घालणार. प्रकाशचं आधीच सगळीकडे देणं आहे.’