बोअरमधला पाना आणि दहा चुंबकांचा मेसेज

शेतकऱ्यांच्या, गॅरेजवाल्यांच्या, मोटर रिवाइंडिंगवाल्यांच्या अशा तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला एकच मेसेज आला आहे. मजकूर थोडक्यात असा: "विहिरीत, बोअरमध्ये काहीही पडलं तरी मिस्त्री बोलवू नका. 20 मिलिमीटर व्यासाची दहा निओडिमियम चुंबकं घ्या आणि एकावर एक लावा, दहापट ताकद मिळते. ती लोखंडी पाइपच्या तुकड्यात बसवा, मग लांबूनही ओढतात. पाकिटावर लिहिलेलं वजन आरामात वर येतं. भांडी, दागिने, मोटर, कुठलाही धातू निघतो. तरीही कमी पडलं तर वर तांब्याची तार गुंडाळून घरच्या लाइनला जोडा."

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पडलेल्या वस्तू काढायची चुंबकं मी गेली काही वर्षं बनवून देतो. गॅरेजवाल्यांना इंजिनात पडलेला नट काढायची बारीक कांडी लागते, शेतकऱ्यांना बोअरसाठी जाड चुंबक लागतं. त्यामुळे या मेसेजमधलं काय खरं, काय अर्धवट आणि काय जीवघेणं, हे मला हातानं करून माहीत आहे. शेवटच्या वाक्याबद्दल तर गप्प बसणं शक्यच नाही.

आधी दहापटीचा हिशेब. 20 मिलिमीटर व्यासाचं आणि 10 मिलिमीटर जाडीचं एक चुंबक घ्या. त्याच्या तोंडाशी जेवढं चुंबकीय क्षेत्र (पुढे नुसतं 'क्षेत्र' म्हणतो) असतं, ते त्याच्यामागे दुसरं तसंच चुंबक लावल्यावर साधारण सव्वापट होतं. तिसऱ्यानं त्यात थोडीशीच भर पडते. दहाही लावली तरी एकट्याच्या 1.4 पटीवर गाडी थांबते. मागचं दहावं चुंबक वस्तूपासून नऊ सेंटिमीटर दूर बसलेलं असतं, त्याचा जोर तिथपर्यंत पोचतच नाही. ओढ क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणून 1.4 पट क्षेत्राची ओढ फार तर दुप्पट. जाड लोखंडाला थेट चिकटल्यावर तर फरक आणखी कमी. दहा चुंबकांचे पैसे मोजून हाती एवढंच लागतं.

यात एक अपवाद आहे आणि तो सांगायलाच हवा. चुंबक पातळ आणि पसरट असेल, म्हणजे रुंदीच्या मानानं जाडी फार कमी असेल, तर दुसरं-तिसरं चुंबक लावल्यानं चांगला फायदा होतो. जुन्या स्पीकरच्या चकत्या तशा असतात. व्हिडिओत दोन चकत्या एकमेकींवर ठेवल्यावर ताकद वाढलेली दिसते ती खोटी नाही. पण ते फेराइट, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचं चुंबक. 1983 साली जपानच्या सुमितोमोनं आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं आपापल्या वाटेनं निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचं चुंबक जगापुढे आणलं. त्या मानानं फेराइटमधलं क्षेत्र जेमतेम एक तृतीयांश, आणि वर्गाच्या हिशेबानं ओढ सुमारे दहावा हिस्सा. फेराइटची एक गोष्ट मात्र चांगली: पाण्यात गंजत नाही. निओडिमियमवरचा निकेलचा मुलामा एकदा टवका उडून गेला की आतलं चुंबक गंजून भुगा होतं. म्हणून विहिरीत सोडायचं चुंबक मी एपॉक्सीत बुडवूनच देतो.

उंची वाढवण्यापेक्षा तोंड रुंद करा. क्षेत्र टेस्लामध्ये मोजतात. ते 1 टेस्ला असेल तर लोखंडाच्या दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 4 किलोची ओढ बसते. क्षेत्र निम्मं झालं तर हीच ओढ 1 किलोवर येते. 25 मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचा हिशेब केला तर 1 टेस्लाला 20 किलो आणि अर्ध्या टेस्लाला फक्त 5 किलो.

पाकिटावरच्या वजनाची फसगतही इथंच आहे. तो आकडा जाड, सपाट, घासून स्वच्छ केलेल्या एम.एस. (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) प्लेटवर, चुंबक पूर्ण टेकवून, सरळ वर ओढून काढलेला असतो. विहिरीच्या तळाला तसं काहीच नसतं. वस्तू गोल असते, गंजलेली असते, वर गाळाचा थर असतो. वर सांगितलेल्या 20 मिलिमीटरच्या एकट्या चुंबकाचं गणित केलं तर तोंडापासून फक्त एक सेंटिमीटरवर क्षेत्र पाव हिश्शावर येतं आणि दोन सेंटिमीटरवर तेराव्या हिश्शावर. घरी करून बघा: फ्रीजला लावलेल्या चुंबकामागे एकेक पोस्टकार्ड सरकवत जा, कितव्या कार्डाला ते घसरतं ते मोजा. गाळाचा अर्धा इंच थर म्हणजे अशा कार्डांचा गठ्ठाच.

पत्रा पातळ असेल तर आणखी अडचण. जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या) बादलीचा पत्रा एवढा बारीक असतो की चुंबकाचं सगळं क्षेत्र त्यातून जाऊच शकत नाही, पत्रा लगेच भरून जातो. अशा वेळी चुंबक कितीही जोरकस आणा, बादली तेवढीच धरली जाते. शिवाय ओढ तिरकी झाली की धरायचं काम घर्षणावर येतं आणि ताकद साधारण पाचव्या हिश्शावर उतरते. पाण्याच्या पृष्ठभागाशीही अनेकांचा हात फसतो. पाण्यात लोखंडाचं वजन सुमारे 13 टक्क्यांनी हलकं भासतं. वस्तू पाण्याबाहेर येताच तो आधार सुटतो, वस्तू हेलकावा घेते आणि हातातोंडाशी आलेली परत तळाला जाते. तिथं दोन मिनिटं थांबून, दोर स्थिर करून मग हळूहळू वर घ्यायचं.

"कुठलाही धातू" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. कोल्हापुरी साज विहिरीत पडला म्हणून एक मावशी अडीच हजारांचं चुंबक घ्यायला माझ्याकडे आल्या होत्या. सोनं, चांदी, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांना चुंबक ओढत नाही. पितळी कळशीसाठी आपल्या आजीच्या काळातला गळच बरा; तीन-चार आकडे असलेला तो गळ अजूनही भांड्याच्या कडीत अडकतो. स्टीलचं म्हणाल तर 304 किंवा 202 नंबरचं स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. फार तर वाकवलेल्या, ठोकलेल्या जागी थोडंसं चिकटतं. 410 किंवा 430 नंबरचं मात्र छान धरतं. बीड, एम.एस., फोर्जिंगची अवजारं सगळी धरतात. सबमर्सिबल मोटरची बाहेरची नळी बहुतेक वेळा स्टेनलेसची असते आणि तिच्याबरोबर पाइप, केबल, पाइपातलं पाणी असं सगळं ओझं असतं. ती चुंबकानं निघेल ही आशाच धरू नका. तिथं बोअरवाल्यांची पकड लागते. आणि पुढच्या वेळी मोटर सोडताना वेगळा दोर बांधलेला असू द्या.

पाण्यात पडलेली जड लोखंडी वस्तू, समजा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा बरगा (पाणी अडवायची फळी), चुंबकानं उचलण्यापेक्षा चुंबकानं शोधावी. चिकटली की जागा कळते, मग आकडा लावून ओढायची.

आता लोखंडी पाइपचा तुकडा. इथं मेसेजवाल्यानं खऱ्या गोष्टीचं शेपूट धरलं आहे. चुंबक लोखंडाच्या कपात बसवलं की मागचं क्षेत्र कपाच्या कडेनं वळून पुढे येतं आणि टेकल्यावरची पकड कितीतरी वाढते. दुकानात मिळणारी विहिरीची चुंबकं अशीच असतात. पण त्याच कारणानं लांबची ओढ घटते, कारण क्षेत्र बाहेर पसरायचं सोडून लगेच कडेला परततं. "लांबूनही ओढतात" हे अगदी उलटं आहे. आणि चुंबक पाइपात घट्ट ठोकून बसवलं तर दोन्ही ध्रुवांना पाइपाची भिंतच आतल्या आत जोडून टाकते, तोंडाशी फारसं काही उरत नाही. कपाचा फक्त तळ चुंबकाला टेकला पाहिजे. भोवती दोन-तीन मिलिमीटरची फट हवी, आणि ती एपॉक्सीनं किंवा पितळेच्या रिंगनं भरायची. मधून बोल्ट घालायचा असेल तर तोही पितळेचा किंवा 304 चा. चुंबकाला ड्रिल मारू नका. ते काचेसारखं फुटतं आणि त्याचा भुगा पेट घेतो. आय-बोल्ट (दोर बांधायचा कडीचा बोल्ट) वेल्ड करायचा असेल तर चुंबक बसवण्याआधी करा. साध्या ग्रेडचं निओडिमियम 80 अंशांच्या वर गेलं की गेलेली ताकद परत येत नाही.

म्हणून मी दोन टोकं देतो. उघडं चुंबक शोधायला, कपातलं उचलायला. एकाच टोकाकडून दोन्ही कामं मागणारे गिऱ्हाईक भेटतात. त्यांना मी हाच हिशेब कागदावर करून दाखवतो.

हातकणंगले तालुक्यातल्या एका काकांच्या बोअरचं सांगतो, कारण मेसेजमध्ये नसलेली सगळ्यात मोठी अडचण तिथं कळली. साडेसहा इंची जुना बोअर, वरचे चाळीस फूट एम.एस. केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाइप), खाली काळा पाषाण. मोटर वर काढताना अठरा इंची पाइप पाना हातातून सुटला. काकांच्या मुलानं मेसेज वाचून दहा चुंबकांची कांडी केली आणि सोडली. मला फोन आला: "दादा, चुंबक सोडलं की भिंतीला चिकटतंय, खाली जाईनाच झालंय." जाणारच नव्हतं. केसिंग लोखंडाचं आणि कांडीची बाजू उघडी. चुंबकाला खालच्या पान्यापेक्षा शेजारची भिंत जवळची.

मी 60 मिलिमीटरचा कप घेतला आणि भोवती नायलॉनच्या रॉडमधून लेथवर काढलेली जाड कड बसवली, म्हणजे चुंबक भिंतीपासून दीड-दोन इंच लांबच राहतं. ते विनातक्रार खाली गेलं. दोराला झटका बसून "ठक्" जाणवलं, पाना धरला गेला. वर येताना चाळीस फुटांवर, केसिंगच्या खालच्या काठाला तो अडकला आणि सुटला. चुंबक कमी पडलं नव्हतं, आडवा धक्का बसला होता. दुसऱ्या दिवशी कपाच्या खाली चार इंची पीव्हीसी पाइपचा सहा इंच लांब तुकडा बसवला आणि त्याचं तोंड गरम करून घंटेसारखं उघडलं. पान्याचं डोकं जड, म्हणून तो डोकं खाली आणि दांडा वर असा उभा होता. दांडा त्या तोंडातून आत शिरला आणि मधोमध कपाला टेकला. केसिंगच्या काठाशी धक्का पीव्हीसीनं खाल्ला. पाना वर आला. चुंबक आदल्या दिवशीचंच होतं.

इंजिनातल्या नटासाठी हीच युक्ती लहान करून चालते. बिडाच्या ब्लॉकमध्ये चुंबकाची कांडी वाटेतच चिकटत बसते. तिच्यावर बाजूंनी पितळेची किंवा साधी प्लॅस्टिकची नळी चढवा, फक्त तोंड उघडं ठेवा. नळी मागे-पुढे सरकती ठेवली तर चिकटलेला नट सोडवायलाही ती कामाला येते.

आता शेवटचं वाक्य: तार गुंडाळून घरच्या लाइनला जोडा. ज्यांनी हे पुढे पाठवलं त्यांनी कृपा करून आजच्या आज काढून टाका. घरची लाइन 230 व्होल्टची, आणि ती वस्तू तुम्ही पाण्यात सोडणार, दोर ओल्या हातात धरणार, चिखलात अनवाणी उभे राहणार. माणसाचा जीव वाचवण्यासाठी जे आरसीसीबी बसवतात ते 30 मिलिॲंपिअर गळतीला लाइन तोडतं, कारण त्याच्यापुढे हृदयाला धोका असतो. शेतातल्या किती पेट्यांत ते बसवलेलं आहे? तारेवरचा इनॅमलचा मुलामा दगडाला घासून कुठंही उडू शकतो.

आणि जीव धोक्यात घालूनही फायदा नाही. घरची वीज उलटसुलट वाहते, 50 हर्ट्झला सेकंदाला शंभर वेळा ओढ शून्यावर येते. वस्तू थरथरते आणि गळते. भरीव गाभा असेल तर तो तापतो. आत निओडिमियम असेल तर ते त्या उष्णतेनं कायमचं मरतं.

विजेचं चुंबक हवंच असेल, आणि कधी हवं असतं कारण बटण बंद केलं की वस्तू सुटते, तर 12 व्होल्टची बॅटरी वापरा. गाभा मऊ लोखंडाचा घ्या आणि तार जाड घ्या. 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेनं 40 मीटर खाली गेलात तर जाऊन-येऊन 80 मीटर होते, म्हणजे जवळपास 1.4 ओहम. 3 ॲंपिअर घेतले तर 12 पैकी 4 व्होल्ट वाटेतच संपतात. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली की हे नुकसान पावणेदोन व्होल्टच्या आत येतं.

काकांच्या मुलानं गुंडाळलेली कॉइल माझ्या बाकावर पडून आहे. तिची दोन टोकं सोलून, थ्री-फेजच्या पेटीतल्या एका फेजला जोडायच्या तयारीत होती. फोन आधी मला आला म्हणून ती जोडली गेली नाही.