खुलासा: 'लायसन्स संपल्यावर वर्षभर गाडी चालवता येते' हे चुकीचं आहे

मंगळवारी मीच ग्रुपवर टाकलं होतं, की लायसन्सची मुदत संपली तरी वर्षभर सूट असते, पोलीस दंड करू शकत नाहीत. तो मेसेज आता जुळे सोलापुरातल्या दोन-तीन ग्रुपांतून फिरून माझ्याकडेच परत आलाय. चूक माझी आहे.

काल काकांचं कार्ड हातात घेतलं. कडा झिजलेल्या, पण मुदतीची तारीख स्पष्ट. मग मोटार वाहन कायद्याची कलमं १४ आणि १५ नीट वाचली. वर्षाची सवलत आहे, पण ती नूतनीकरणाच्या अर्जासाठी. मुदत संपण्याआधी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष, एवढ्या काळात अर्ज केला तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. त्यानंतर गेलात तर द्यावी लागते. गाडी चालवायला मात्र मुदतीनंतर एक दिवसही मिळत नाही. पूर्वी ३० दिवस मिळायचे (आपल्या डोक्यात अजून तेच बसलंय), ते २०१९च्या दुरुस्तीत गेले. विनालायसन्स गाडी चालवण्याचा दंडही तेव्हाच ५०० वरून ५,००० झाला.

चाळिशी ओलांडलेल्यांना अर्जासोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नमुना १-अ, लागतं. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाचच वर्षांचं होतं, त्यामुळे घरातल्या मोठ्यांची कार्डं आधी बघा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.